दुकानं मोजू नका, देणी मोजा

कॅफे कॉफी डे गाळात रुतलं ते कॉफीमुळे नव्हे. हे सुरुवातीलाच ठणकावून सांगतो, कारण या साखळीच्या पडझडीबद्दल जे बोललं जातं त्यात मुद्द्याची गोष्ट सोडून बाकी सगळं असतं. कुणी म्हणतं, स्टारबक्स आलं आणि पैसेवालं गिऱ्हाईक तिकडे गेलं. कुणी म्हणतं, चौकाचौकात अमृततुल्य उभं राहिलं आणि बाकीचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. कोविडचं नाव तर सगळेच घेतात. ही कारणं खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत. मार्च २०१९ अखेर, कोविड हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा, कॉफी डे एंटरप्रायझेस या मूळ कंपनीच्या डोक्यावर ७,२०० कोटी रुपयांच्या वर कर्ज होतं. एवढं कर्ज कॉफी विकून होत नाही. आणि कॉफी विकून ते फिटतही नाही.

आज हे उकरून काढायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे सध्या कॅफेची आणि चहाच्या दुकानांची फ्रँचायझी घेण्याची लाट आलेली आहे. तालुक्याच्या गावातली मुलं त्यात बापाची फंडाची रक्कम घालतायत, काही ठिकाणी जमिनीचा तुकडा विकून घालतायत. प्रत्येक जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो: आमची इतकी दुकानं झाली. हा आकडा माणसाला कसा फसवतो, हे समजून घ्यायला कॅफे कॉफी डेइतकं मोठं उदाहरण देशात दुसरं नाही.

व्ही. जी. सिद्धार्थ हा चिकमगळूरच्या कॉफी बागायतदाराचा मुलगा. ऐंशीच्या दशकात तो मुंबईत आला, जे. एम. फायनान्शियलमध्ये महेंद्र कंपानींच्या हाताखाली शेअर बाजार शिकला आणि बेंगळुरूला परत जाऊन त्याने स्वतःची दलाली पेढी काढली. म्हणजे घर कॉफीचं आणि शिक्षण बाजाराचं. पुढे जे जे झालं, चांगलं आणि वाईट, ते या दोन गोष्टींतून झालं.

त्या काळात कॉफी पिकवणाऱ्याला स्वतःचा माल स्वतः विकता येत नव्हता. १९४२ च्या कायद्याने सगळा माल कॉफी बोर्डाकडे जमा करायचा, बोर्ड तो विकणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने बागायतदाराच्या हातात पडणार. नव्वदीत हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटत गेलं आणि १९९६ मध्ये पूर्ण सुटलं. मध्येच १९९४ साली ब्राझीलमध्ये दंव पडलं, तिथलं पीक जळालं आणि जगभर कॉफीचे भाव भडकले. सिद्धार्थने १९९३ मध्येच निर्यातीची कंपनी काढून ठेवलेली होती. वेळ साधली. पण कच्चं बी निर्यात करणाऱ्याच्या हातात भाव नसतो, तो लंडन आणि न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो. भाव आपल्या हातात ठेवायचा तर कप विकायला हवा. हा विचार अगदी बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. जुलै १९९६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं दुकान उघडलं. त्यात इंटरनेटही होतं. तेव्हा इंटरनेट घराघरांत पोचलेलं नव्हतं आणि कॉफीपेक्षा त्यासाठीच मुलं जास्त येत.

बाग स्वतःची, बी सोलून-वाळवून तयार करणं स्वतःचं, भाजणं स्वतःचं, मशीनसुद्धा स्वतः बनवलेली, दुकानातल्या खुर्च्या-टेबलंही बरीचशी घरच्याच लाकडाची. चिकमगळूरच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना शिकवून दुकानांत उभं केलं. ऐकू-बोलू न शकणाऱ्या मुलांना कॉफी बनवायच्या कामावर घेतलं. झाडापासून कपापर्यंत सगळी साखळी एका हातात, असं काम आपल्याकडच्या शेतमालाच्या धंद्यात फार थोड्यांनी केलेलं आहे. आपल्या द्राक्षवाल्याला, डाळिंबवाल्याला, काजूवाल्याला जे जमावं म्हणून आपण सभा-परिषदांतून वर्षानुवर्षं बोलतो, ते या माणसाने करून दाखवलं होतं. म्हणूनच पुढचं सगळं वाचताना राग येतो.

पण त्याआधी त्या दुकानांनी काय दिलं तेही सांगायला हवं, कारण ते विसरून चालणार नाही. २००० नंतरची दहा-पंधरा वर्षं आठवा. पुणं, नाशिक, कोल्हापूर, औरंगाबाद, नागपूर, कुठल्याही शहरात एका मुलाला आणि एका मुलीला तासभर बोलत बसायचं असलं तर जागा कुठे होती? इराण्याकडे बनमस्का संपला की पोऱ्या फडकं मारायला यायचा. उडप्याकडे दारात माणसं ताटकळलेली, शेवटचा घास पोटात जायच्या आत बिल टेबलावर. अमृततुल्यमध्ये उभ्यानेच. बागेत बसलं तर पोलीस. घरी तर प्रश्नच नाही. कॅफे कॉफी डेमध्ये मात्र सोफा होता, थंड हवा होती आणि कुणी उठवत नव्हतं. एक ‘ट्रॉपिकल आइसबर्ग’ मागवायचं, दोन नळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळ काढायची. चॉकलेटचे वळसे ग्लासच्या आतून ओघळून तळाशी साचलेले असायचे, बर्फाचं पाणी झालेलं असायचं, तरी ग्लास उचलायला कुणी यायचं नाही.

स्थळं पाहायचे कार्यक्रम तिथे सरकले. घरी कांदेपोह्यांचा घाट घालण्याआधी मुला-मुलीने एकमेकांना बाहेर भेटावं, ही सूट मध्यमवर्गीय मराठी घरांनी ज्या जागेच्या भरवशावर दिली ती बऱ्याचदा हीच. आईबापांना वाटायचं, काचेचं दार आहे, चार माणसं बसलेली असतात, जागा बरी आहे. मुलीला वाटायचं, पटलं नाही तर उठून रिक्षा करता येईल. एका पिढीच्या मुलींना ‘नाही’ म्हणायची सोय त्या टेबलाने करून दिली आणि याचं मोल मी फार मोठं मानतो. विमा विकणारे, घर शोधणारे, नवा धंदा काढणारे, वकिलाला कोर्टाबाहेर भेटणारे, सगळे तिथे बसले. आज मोठी पगारदार झालेली कितीतरी माणसं पहिली मुलाखत तिथेच देऊन आलेली आहेत.

आता यातला हिशेब बघा. दुकान बसायची जागा देत होतं आणि पैसे मात्र कपाचे घेत होतं. जागेचं भाडं चौरस फुटावर जातं, तेही शहरातल्या सगळ्यांत महाग रस्त्यांवर. टेबल तीन तास अडलेलं आणि बिल एका ग्लासाचं. कपात नफा भरपूर असतो, दूध-साखर-कॉफी मिळून फार खर्च येत नाही, पण तो नफा भाड्याच्या आणि पगाराच्या आकड्याला पुरायला दिवसाकाठी खूप कप जावे लागतात. चांगल्या कोपऱ्यावरच्या दुकानात ते जात. गल्लीच्या आतल्या, ओसाड मॉलच्या तळमजल्यावरच्या दुकानात जात नसत. अशी दुकानं उघडायलाच नको होती. उघडली असतील तर वर्षभरात बंद करायला हवी होती.

पण २००० मध्ये दिल्लीत बरिस्ता सुरू झालं आणि शर्यत लागली. मग कुठल्या रस्त्यावर आपण नाही, एवढंच बघितलं जाऊ लागलं. कॅफे कॉफी डेने एकाच रस्त्यावर दोन-दोन दुकानं टाकली. व्हिएन्नातही एक उघडलं, चेक देशात एक साखळी विकत घेतली. मार्च २०१९ ला देशभर १,७५२ कॅफे होते. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ही दुकानं बहुतेक करून कंपनीच्या स्वतःच्या खर्चाने चालत होती. फ्रँचायझी देऊन दुसऱ्याच्या पैशावर वाढायचा मार्ग सिद्धार्थने पत्करला नाही. चव आणि वागणूक हातात राहावी म्हणून. हे त्याच्या बाजूचं आहे, पण त्याची किंमत म्हणजे प्रत्येक दुकानाचं भाडं, प्रत्येक पगार आणि प्रत्येक सोफा कंपनीच्या अंगावर.

तरीही, निव्वळ कॅफेमुळे ७,२०० कोटी होत नाहीत, हे पुन्हा सांगतो. कॉफीच्या नावाखाली जी कंपनी उभी होती तिच्या पोटात टेक पार्क होता, रिसॉर्ट होते, शेअर दलाली होती, २०११ मध्ये घेतलेली सिकल ही बंदर-वाहतुकीची कंपनी होती आणि माइंडट्री या सॉफ्टवेअर कंपनीत मोठा वाटा होता. एका ठिकाणी कर्ज काढायचं, दुसऱ्या ठिकाणी गुंतवायचं, तिसऱ्या ठिकाणचे शेअर गहाण टाकून पहिल्याचे हप्ते भरायचे. बाजार वर जात असतो तोवर याला दूरदृष्टी म्हणतात. मासिकांच्या मुखपृष्ठावर फोटो येतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने ३२८ रुपये भावाने शेअर विकून १,१५० कोटी उभे केले आणि त्यातला मोठा भाग कुठे जाणार होता? जुनं कर्ज फेडायला. शेअर बाजारात आला त्याच दिवशी विक्रीच्या भावाच्या बराच खाली बंद झाला. बाजाराने तेव्हाच सांगितलं होतं. ऐकलं कुणी नाही, कारण दुकानं रोज वाढत होती आणि दुकानं डोळ्यांना दिसतात. कर्ज दिसत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये आयकर खात्याने छापे घातले. मार्च २०१९ मध्ये सिद्धार्थने माइंडट्रीतला २० टक्क्यांचा वाटा लार्सन अँड टुब्रोला सुमारे ३,२६९ कोटींना विकला. आयुष्यातली सगळ्यांत चांगली गुंतवणूक देण्यांच्या तोंडी गेली आणि देणी उरलीच. २९ जुलै २०१९ च्या संध्याकाळी मंगळुरूजवळ नेत्रावतीच्या पुलावर गाडीतून उतरून तो निघाला, तो परत आला नाही. ३१ तारखेला मृतदेह सापडला.

या मृत्यूबद्दल मी फार लिहिणार नाही. एक माणूस एवढ्या एकटेपणाने गेला, त्याच्या घरच्यांनी जे सोसलं त्यावर बाहेरच्याने रंग चढवू नयेत. पण त्यानंतर जे झालं ते मात्र बोलायलाच हवं. त्याच्या नावाने बाहेर आलेल्या पत्रात एका खासगी गुंतवणूकदाराच्या आणि आयकर अधिकाऱ्याच्या तगाद्याचा उल्लेख होता. आठवडाभर देशभर चर्चा झाली ती त्यावर. उद्योजकाला या देशात जगू देत नाहीत, असं मोठमोठे लोक म्हणाले. त्याच पत्रात, नफ्याचं गणित आपल्याला बसवता आलं नाही आणि आपल्या व्यवहारांची माहिती हिशेब तपासणाऱ्यांना व वरिष्ठ सहकाऱ्यांना नव्हती, असंही म्हटलेलं होतं. त्यावर कुणी परिसंवाद भरवले नाहीत.

वर्षभराने, जुलै २०२० मध्ये, सीबीआयमधून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या चौकशीचा अहवाल आला. कॉफी डेच्या उपकंपन्यांतून ३,५३५ कोटी रुपये म्हैसूर अमालगमेटेड कॉफी इस्टेट्स या सिद्धार्थ कुटुंबाच्या खासगी कंपनीकडे गेलेले होते. जानेवारी २०२३ मध्ये सेबीने त्यावरून २६ कोटींचा दंड ठोठावला आणि पैसे वसूल करायला सांगितलं. ज्या लोकांनी ३२८ रुपयांनी शेअर घेतला होता, पगारातून वाचवून, कॉफी आवडते म्हणून, कंपनी ओळखीची वाटते म्हणून, त्यांचे पैसे त्यांना न विचारता तिसरीकडे गेले होते. फेब्रुवारी २०२० पासून वर्षाहून जास्त काळ तर शेअरचे व्यवहारच बंद होते, नुकसानीत विकून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. आयकरवाल्याने छळलं असेल तर त्याची चौकशी व्हावी, जरूर व्हावी. पण छोट्या भागधारकाला कुणी छळलं, हा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याच्यासाठी कुणीही मेणबत्ती लावली नाही. तेव्हाच्या संचालक मंडळाने, बँकांनी आणि हिशेब तपासनीसांनी काय पाहिलं? एवढे पैसे बाहेर जाताना एकालाही शंका आली नाही, हे मला पटत नाही. आली असेल आणि गप्प बसले असतील तर तो गुन्हा मानायला हवा.

आता मालविका हेगडे यांच्याबद्दल. सिद्धार्थच्या पत्नी, एस. एम. कृष्णा यांची कन्या. हेच कृष्णा कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते आणि पुढे आपले राज्यपालही होते. डिसेंबर २०२० मध्ये मालविकांनी कंपनीचा कारभार हाती घेतला. त्यांच्यावर प्रेरणेचे भरपूर लेख निघाले, बहुतेक सगळे गुळमट. त्या कारभारात खरं काय झालं ते सांगतो. दुकानं बंद केली गेली. कोविडच्या पहिल्या तीन महिन्यांतच २८० दुकानांना टाळं लागलं होतं. मार्च २०२१ ला ५७२ कॅफे राहिले, मार्च २०२४ ला ४५०. टेक पार्क ब्लॅकस्टोनला २,७०० कोटींच्या व्यवहारात आधीच गेला होता, दलाली पेढीही विकली गेली. कर्ज मार्च २०२१ अखेर १,८०० कोटींच्या आत आलं. कार्यालयांत आणि कारखान्यांत ठेवलेली पन्नास हजारांवर कॉफी मशीन मात्र चालू राहिली, कारण तिथे भाडं नाही, सोफा नाही, उठवायचा प्रश्न नाही. बटण दाबा, कप घ्या. कंपनी जगली ती वाढीमुळे नाही, आकसण्यामुळे जगली. हे धाडस मला दुकानं उघडण्यापेक्षा मोठं वाटतं. उद्घाटनाला पाहुणे येतात. बंद करताना भाड्याचा करार तोडावा लागतो, डिपॉझिट सोडावं लागतं आणि कामावरच्या मुलांना समोर बसवून सांगावं लागतं.

संकट त्यानंतरही संपलं नाही. २०२३ मध्ये इंडसइंड बँकेच्या ९४ कोटींवरून, ऑगस्ट २०२४ मध्ये २२८ कोटींच्या थकलेल्या रोख्यांवरून दिवाळखोरीचा दावा दाखल करून घेतला गेला. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी अपील लवादाने ऑगस्टचा तो आदेश रद्द केला. एका माणसाने उभारलेलं कर्ज अशा रीतीने त्याच्यामागे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिलं.

यातून बाकीच्या साखळ्यांनी काय घेतलं? फारसं काही नाही. बरिस्ता हातोहात फिरली. टाटांनी वाटा घेतला, मग शिवशंकरन यांनी, २००७ मध्ये इटलीच्या लवाझाने आणि २०१४ मध्ये तिनेही हात झटकले. ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला टाटा-स्टारबक्सचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा रांगा लागल्या होत्या. २०२४-२५ मध्येही ती कंपनी तोट्यातच होती आणि तरी २०२८ पर्यंत एक हजार दुकानांचं लक्ष्य जाहीर झालेलं आहे. टाटांच्या मागे टाटा आहेत, त्यांना तोटा सोसतो. ज्याच्या मागे फक्त बापाची फंडाची रक्कम आहे, त्याने त्यांचं पाहून वागू नये.

मोठ्या कंपन्यांना कॅफे कॉफी डेच्या कथेतून एक गोष्ट मात्र नक्की कळली: दुकान स्वतःच्या पैशाने काढायचं नाही. दुसऱ्याच्या काढायचं. म्हणून फ्रँचायझीचा सुळसुळाट. भाडं तुझं, पगार तुझे, वीजबिल तुझं, तोटाही तुझा. नाव माझं, आणि विक्रीवरची रॉयल्टी माझी. दुकान चाललं नाही तरी कंपनीची प्रवेश फी आलेली असते, सजावटीतला वाटा आलेला असतो आणि दर आठवड्याला कच्चा माल तिच्याकडूनच जातो. दुकान बंद पडलं तर त्याच गावात दुसरा कुणी तयार असतोच.

कागदावर मांडून बघू. समजा एका तालुक्याच्या गावात २० लाखांत कॉफीचं दुकान काढायचं आहे. फ्रँचायझी फी ५ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ९० हजार, सजावट आणि मशीन कंपनीच्याच ठेकेदाराकडून १० लाख, गाळ्याचं डिपॉझिट ३ लाख, बाकी सुरुवातीचा माल. आठ लाख घरचे, बारा लाख बँकेचे. पाच वर्षं, १२ टक्के व्याज, म्हणजे महिन्याचा हप्ता २६,७०० रुपये. गाळ्याचं भाडं ५० हजार, तीन मुलांचा पगार ४५ हजार, वीज १५ हजार. महिना उजाडला की १,३६,७०० रुपये जाणार, मग कप जावोत न जावोत. शंभर रुपयांच्या कपात ४० रुपये मालाचे, ६ रुपये रॉयल्टी, तिच्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. आणि उपाहारगृहाने गिऱ्हाइकाकडून ५ टक्के कर घेतला तर त्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे हा सगळा जीएसटी पदरचा. हातात उरतात ५३ रुपये. भागाकार करा. रोज ८६ कप, रविवार-पावसाळा-परीक्षा-सुतक काही न पाहता तीसही दिवस, तेव्हा कुठे हात कोरे. यात मालकाचा स्वतःचा पगार एक रुपया नाही. त्याने महिना २५ हजार घ्यायचे ठरवले तर १०२ कप. ज्या गावात दहा-पंधरा रुपयांत झकास चहा मिळतो, तिथे शंभर रुपयांचे १०२ कप रोज कोण पितं, हे त्या मुलाने चौकात चार दिवस उभं राहून मोजावं. कंपनीचा माणूस येऊन सांगतो ते दीड वर्षात भांडवल वसूल होण्याचं गणित पहिल्या महिन्याच्या गर्दीवर बेतलेलं असतं. पहिल्या महिन्यात गर्दी होतेच. नवीन काहीही उघडलं की आपल्याकडे लोक बघायला येतात.

सगळ्याच फ्रँचायझी फसव्या असतात असं मी म्हणत नाही. चांगल्या जागेवर, भाडं आटोक्यात ठेवून, स्वतः गल्ल्यावर बसून धंदा करणारी मुलं मी पाहिली आहेत आणि ती घर चालवतायत. पण चांगली कंपनी कुठली आणि फी गोळा करून पुढच्या गावात जाणारी कुठली, हे ओळखायचं साधन आपल्या मुलांच्या हातात नाही. अमेरिकेत १९७९ पासून नियम आहे. करार करायच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला सगळी माहिती लेखी द्यावी लागते: चालू कोर्टकज्जे, ताळेबंद, गेल्या तीन वर्षांत किती दुकानं उघडली, किती बंद पडली, आणि वर्षभरात ज्यांनी दुकान सोडलं त्यांची नावं व संपर्क. मलेशियात १९९८ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. १८७२ च्या करार कायद्यावर आणि असल्या इतर जुन्या कायद्यांवर काम चालतं. म्हणजे सही केली की संपलं. फसवणूक झाली असं वाटलं तर दिवाणी कोर्टात जा, आणि करारात कोर्ट बहुधा कंपनीच्याच शहरातलं लिहिलेलं असतं.

आपल्या खासदारांनी लोकसभेत हा विषय मांडावा. साखरेवर, कांद्यावर, दुधावर ते बोलतात आणि बोलायलाच हवं. पण शेतकऱ्याची जमीन आता अशा रीतीनेही विकली जाते आहे, पोराला ‘ब्रँड’ घेऊन देण्यासाठी, आणि हे पैसे गावातून एकदा गेले की परत येत नाहीत. दुकान देणाऱ्याने बंद पडलेल्या दुकानांची यादी लेखी द्यावी, एवढा एकच नियम केला तरी निम्म्या जाहिराती बंद होतील.

कायदा होईपर्यंत हे काम वाचकांनी घरी करायचं आहे. मुलगा, भाचा, पुतण्या, कुणीही फ्रँचायझीचा करार घेऊन आला, तर कंपनीची दुकानं किती हे विचारू नका. गेल्या तीन वर्षांत किती बंद पडली ते विचारा आणि त्यातल्या पाच मालकांचे फोन नंबर मागा. त्यांना स्वतः फोन करा, जमलं तर जाऊन भेटा. कंपनीने नंबर दिले नाहीत तर सही करू देऊ नका.